दोन टक्क्यांची लक्ष्मणरेषा

रोजच्या भाषेतले शब्द विज्ञानाच्या परिभाषेत शिरतात तेव्हा आपला भावार्थ उंबरठ्याबाहेर ठेवून जातात, असा एक समज आहे. आम्हांस तो पुरता पटत नाही. 'सहनशीलता' हा शब्द घ्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात तो केवळ एक मोजमाप म्हणून येतो. अमुक जिवाणू अमुक द्रव्य किती प्रमाणापर्यंत सहन करतो, एवढेच त्याला सांगायचे असते. मराठी वाचकाला मात्र 'सहनशील' म्हटले की 'सोशिक' आठवते. आणि सोशिक म्हणून जेव्हा कोणाची स्तुती होते, तेव्हा त्या स्तुतीआड त्याच्याकडून आणखी काही काढून घेण्याचा बेत असतो, हेही आपण घराघरांतून पाहिलेले असते. जिवाणूंकडून इंधन करवून घेण्याच्या प्रयत्नांचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास वाचताना हा दुसरा अर्थ सतत आमच्या पाठीशी राहिला. तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. वाचकांत साहित्याचे अभ्यासक अधिक आहेत हे ध्यानात ठेवून रसायनशास्त्र गरजेपुरतेच घेतले आहे.

मूळ पेच सोपा आहे. जिवाणू साखर किंवा पिष्ट खातो आणि त्याच्या चयापचयातून काही द्रव्ये बाहेर पडतात. त्यांतले एखादे आपल्या दृष्टीने इंधन असते, पण जिवाणूच्या दृष्टीने ते विषच असते. ब्यूटेनॉल हे याचे ठळक उदाहरण. हा मद्यार्काच्याच कुळातला द्रव. त्याच्या रेणूत कार्बनचे चार अणू असतात, तर आपल्या परिचयाच्या इथेनॉलमध्ये दोन. दर लिटरमागे मिळणारी ऊर्जा पाहिली तर ब्यूटेनॉल इथेनॉलपेक्षा पेट्रोलला अधिक जवळचे, शिवाय पाणी ओढून घेण्याची खोडही त्यात कमी. इंधन म्हणून ते उजवे ठरते ते याच गुणांमुळे. परंतु रेणू तेलाकडे झुकणारा असल्यामुळे तो जिवाणूच्या स्निग्ध पेशीपटलात सहज शिरतो, पटल सैल व गळके करतो, आणि पटलाच्या दोन बाजूंतील ज्या भेदावर पेशीची ऊर्जा उभी असते तो भेदच ढासळू लागतो. म्हणजे जो गुण इंधनाला उपकारक तोच निर्मात्याला घातक. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीवर वाढणारे यीस्ट दहा टक्के आणि त्याहूनही अधिक इथेनॉल सहन करते. ब्यूटेनॉल करणारा जिवाणू मात्र सर्व द्रावके मिळून लिटरमागे सुमारे २० ग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास, येऊन थांबतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के बहुतांशी पाणी. त्यातून हे दोन टक्के वेगळे काढायला इतकी उष्णता खर्ची पडते की सारा व्यवहारच आतबट्ट्याचा होऊ शकतो.

सूक्ष्मजीव ब्यूटेनॉल तयार करतात हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभीच नोंदवले होते. त्या नोंदीला उद्योगाचे महत्त्व आले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी, आणि तेही इंधनासाठी नव्हे, कृत्रिम रबरासाठी. १९१० च्या सुमारास नैसर्गिक रबराचे भाव कडाडले होते. ब्यूटेनॉलपासून रबर करता येईल या आशेने इंग्लंडमधील एका कंपनीने मँचेस्टर विद्यापीठाचे विल्यम पर्किन आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे ऑगस्ट फर्नबाख यांना हाताशी धरले. पर्किन यांच्याबरोबर काम करणारे खाइम वाइझमान १९१२ मध्ये या मंडळीतून बाहेर पडले आणि स्वतंत्रपणे जिवाणूंचा शोध घेऊ लागले. मक्याच्या पिष्टावर थेट वाढणारा आणि अधिक द्रावके देणारा जिवाणू त्यांना सापडला. पुढे त्याला क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्यूटिलिकम हे नाव मिळाले. त्याच्या किण्वनातून साधारणपणे ॲसिटोन तीन भाग, ब्यूटेनॉल सहा भाग आणि इथेनॉल एक भाग या प्रमाणात द्रावके निघत.

एवढ्यात युद्ध सुरू झाले आणि मागणी बदलली. ब्रिटिश तोफांचे धूरविरहित स्फोटक, म्हणजे कॉर्डाइट, तयार करताना ॲसिटोन लागे. ते तोवर लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून काढले जाई आणि बरेचसे अमेरिकेतून येई. वाइझमान यांनी १९१५ मध्ये आपल्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी आपल्याकडे ३०,००० टन ॲसिटोनची मागणी केली, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. लंडनमधील एका जिनच्या भट्टीत पहिले मोठे प्रयोग झाले. १९१६ मध्ये किंग्ज लिन येथील कारखाना या प्रक्रियेकडे वळला, आणि कॅनडात टोरांटो येथील एका जुन्या मद्यनिर्मिती कारखान्यातही काम सुरू झाले. १९१७ मध्ये पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे मक्याची आयात अडचणीत आली तेव्हा इंग्लंडमधील शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनट झाडाची फळे वेचायला लावण्यात आले. कशासाठी, हे त्यांना सांगितले नव्हते. सुमारे ३,००० टन फळे गोळा झाली. त्यांतली पुष्कळशी रेल्वे स्थानकांवरच कुजली, आणि जी कारखान्यात पोचली ती किण्वनाला फारशी मानवली नाहीत.

या हकिकतीचा शेवट सहसा बाल्फोर जाहीरनाम्याशी जोडला जातो. लॉइड जॉर्ज यांनी आपल्या युद्धस्मृतींत असे सूचित केले की, ॲसिटोनच्या कामगिरीचे बक्षीस म्हणून वाइझमान यांना १९१७ चा तो जाहीरनामा मिळाला. वाइझमान यांनी स्वतः ही कथा मानली नाही, आणि इतिहासकारही तिला पुरेसा आधार देत नाहीत. तरी ती टिकून राहिली आहे, कारण एक रसायनशास्त्रज्ञ, एक साम्राज्य आणि १९४९ मध्ये त्याच शास्त्रज्ञाला मिळालेले इस्रायलचे अध्यक्षपद एवढी सामग्री कोणत्याही चरित्रकाराला मोह पाडणारी आहे. आमची तक्रार निराळी आहे. या कथेत जिवाणू केवळ साधन म्हणून येतो. तो दोन टक्क्यांवर थांबतो, हे तिथे सांगितले जात नाही. युद्धात ते सांगण्याचे कारणही नव्हते. किंमत कितीही असली तरी ॲसिटोन हवेच होते, आणि मर्यादा महत्त्वाची ठरते ती हिशेब मांडला जातो तेव्हा.

हिशेब युद्धानंतर मांडला गेला. ॲसिटोनच्या एका भागामागे दोन भाग ब्यूटेनॉल निघत असे आणि युद्धकाळात त्याला गिऱ्हाईक नव्हते. १९२० च्या दशकात मोटारगाड्यांना लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग देण्याची पद्धत आली. त्या रंगांना द्रावक म्हणून ब्यूटेनॉलपासून केलेले ब्यूटिल ॲसिटेट लागे. जे टाकाऊ होते ते मुख्य झाले आणि ॲसिटोन जोडउत्पादन ठरले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कमर्शियल सॉल्व्हंट्स कॉर्पोरेशनने अमेरिकेत इंडियाना राज्यातील टेरे होट येथे हा उद्योग मोठा केला. १९२३ मध्ये तेथील उत्पादन अचानक घसरले. जिवाणूंनाच विषाणूंची लागण झाली होती. कारखान्याने मग अशा लागणीला दाद न देणारे वाण निवडले, पुढे मळीवर वाढणारे वाणही शोधले. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील सुमारे दोन तृतीयांश ब्यूटेनॉल किण्वनातून येत होते. त्यानंतर खनिज तेलापासून निघणारे ब्यूटेनॉल स्वस्त झाले, मळी महागली, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिका व ब्रिटनमधील हे किण्वन जवळजवळ संपले. दक्षिण आफ्रिकेतील एक कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तग धरून होता. या साऱ्या काळात कच्चा माल बदलला, वाण बदलले, गिऱ्हाईक बदलले. दोन टक्क्यांची रेषा मात्र फारशी हलली नाही.

ती का हलत नव्हती, याचे उत्तर जिवाणूच्या आयुष्यक्रमात आहे. हा जिवाणू प्रथम ब्यूटेनॉल करीतच नाही. भरभराटीच्या काळात तो आम्ले तयार करतो, कारण त्यातून त्याला अधिक ऊर्जा मिळते. भोवतालचा द्रव आंबट होत जातो आणि ते आम्लच त्याच्या जिवावर उठू लागते. तेव्हा तो आपला मार्ग बदलतो, आम्ले पुन्हा आत घेतो आणि त्यांची द्रावके करून बाहेर सोडतो. ब्यूटेनॉल म्हणजे आम्लाच्या संकटातून त्याने काढलेली पळवाट. पण हेही विषच असल्यामुळे सवलत अल्पकाळाची असते, आणि तेवढ्या अवधीत तो बीजाणू तयार करण्याच्या मार्गाला लागतो. कठीण कवचात जीव राखायचा आणि बरे दिवस येण्याची वाट पाहायची, ही त्याची रीत. दोन टक्के हा त्याचा दोष नव्हे. त्याच्या गरजेला तेवढे पुरेसे आहे. त्यापुढची गरज आपली.

याची आणखी एक खूण कारखानदारांना फार पूर्वीपासून त्रास देत होती. हा जिवाणू सुखासमाधानात पुनःपुन्हा वाढवत राहिले की द्रावके करणेच सोडून देतो. जुन्या काळी त्यावर उपाय म्हणून बीजाणूंना उष्णतेचा चटका देऊन त्यांतून टिकलेल्यांवरच पुढची लागवड करीत. १९९० च्या दशकात कारण उलगडले. द्रावके करण्याची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून एका मोठ्या वेगळ्या वर्तुळाकार डीएनएवर असतात, आणि निकड नसेल तर पेशी तो सारा बोजाच टाकून देते. त्यानंतर ती मजेत जगते, पण आपल्या उपयोगाची राहत नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने जुन्या किण्वनांकडे पुन्हा लक्ष वळवले. याच दशकात जनुके एका जीवातून दुसऱ्यात नेण्याची तंत्रे हाती आली. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, माणसाने घडवलेल्या सूक्ष्मजीवावर पेटंट मिळू शकते. तो खटला बंगालमध्ये जन्मलेल्या आनंद चक्रवर्ती यांच्या जिवाणूविषयी होता. त्यांचा स्यूडोमोनास खनिज तेलातील घटकांचे विघटन करणारा होता. तेल खाणाऱ्या जिवाणूमुळे जो कायदेशीर दरवाजा उघडला, त्यातूनच पुढे इंधन करणारे जिवाणू आत आले.

त्यांत पहिले महत्त्वाचे नाव फ्लोरिडा विद्यापीठाचे लॉनी इंग्रॅम यांचे. त्यांच्या कामाचा आरंभ सहनशीलतेच्या अभ्यासातच होता, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते. मद्यार्काच्या सान्निध्यात इ. कोलाय हा आतड्यातला जिवाणू आपल्या पटलातील स्निग्धाम्लांची घडण बदलतो, आणि मद्यार्काचा रेणू लहान की लांब यानुसार हा बदल वेगळ्या दिशेने होतो, हे त्यांनी १९७६ मध्ये दाखवले. पटल ही स्थिर भिंत नव्हे, पेशी ती सतत पुन्हा बांधत असते, हा त्याचा अर्थ. १९८७ मध्ये त्यांनी झायमोमोनास मोबिलिस या जिवाणूची इथेनॉल करणारी दोन जनुके इ. कोलायमध्ये घातली. मेक्सिकोतील पुल्के या पारंपरिक पेयात झायमोमोनास आढळतो. तो इथेनॉल झपाट्याने करतो, पण मोजक्याच साखरा खातो. काडीकचऱ्यातून मिळणारी झायलोजसारखी साखर त्याला चालत नाही, ती इ. कोलायला चालते. एकाचे कसब आणि दुसऱ्याची भूक यांचा हा संयोग होता. १९९१ मध्ये या शोधाला मिळालेल्या अमेरिकन पेटंटचा क्रमांक नेमका ५०,००,००० होता.

तरीही जनुके दिली म्हणजे सोसण्याची शक्ती दिली असे होत नाही. म्हणून पुढची दोन दशके अनेकांनी थेट सहनशीलतेलाच हात घातला. एलेफ्थेरिओस पापूत्साकिस यांच्या गटाने २००३ मध्ये क्लॉस्ट्रिडियममध्ये अशा प्रथिनांचे प्रमाण वाढवले जी संकटकाळी इतर प्रथिनांची विस्कटलेली घडी सावरतात. त्यामुळे द्रावकांचे प्रमाण मूळ वाणाच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. दुसरा मार्ग निसर्गातच दिसला होता. १९८९ मध्ये जपानचे इनोऊए आणि होरिकोशी यांनी निम्मे टोल्यूइन असलेल्या द्रवातही वाढणारा स्यूडोमोनास नोंदवला. असे जीव नुसते सोसत बसत नाहीत. त्यांच्या पटलात विषाचे रेणू बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप असतात, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. या धाग्यावरून मेरी डनलॉप आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वेगवेगळ्या जिवाणूंचे ४३ पंप इ. कोलायमध्ये घालून पाहिले. लिमोनीन या इंधनयोग्य द्रव्याच्या बाबतीत सागरी तेलगळतीच्या जागी फोफावणाऱ्या अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस या जिवाणूचा पंप उपयोगी पडला आणि उत्पादनही वाढले. ब्यूटेनॉलपुढे मात्र हे पंप निष्प्रभ ठरले. शिवाय पंप फार झाले की त्यांचाच भार पटलावर पडतो. समुद्रमंथनातले हलाहल शंकराने कंठात धरले, ते ना गिळले ना बाहेर टाकले. पेशीला तशी सोय नाही. तिला विष बाहेर टाकावेच लागते, आणि बाहेर टाकले तरी ते भोवतालच्या पाण्यातच राहते.

या इतिहासाचा सर्वांत बोधप्रद टप्पा, आमच्या मते, कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिस येथे जेम्स लियाओ यांच्या प्रयोगशाळेत घडला. २००८ मध्ये शोता अत्सुमी, ताइझो हानाइ आणि लियाओ यांनी इ. कोलायच्या प्रथिने बांधण्याच्या नेहमीच्या मार्गाला एक फाटा फोडला आणि त्यातून आयसोब्यूटेनॉल काढले. हे ब्यूटेनॉलचेच जुळे भावंड. उतारा पडला लिटरमागे सुमारे २२ ग्रॅम. साखरेतून सैद्धांतिकदृष्ट्या जेवढे मिळू शकते त्याच्या ८६ टक्के. जिवाणू वेगळा, मार्ग वेगळा, आणि आकडा पुन्हा त्याच जुन्या दोन टक्क्यांच्या वेशीवर.

मग याच गटाने २०१० मध्ये जिवाणूला पिढ्यानपिढ्या वाढत्या आयसोब्यूटेनॉलमध्ये वाढवून अधिक सहनशील वाण मिळवला आणि त्याच्यात काय बदलले ते जनुकाजनुकाने तपासले. निष्पन्न झाले ते विचार करायला लावणारे आहे. ही सहनशीलता काही नवे कमावून आलेली नव्हती. ती मुख्यतः असलेली काही जनुके निकामी होण्यातून आली होती, आणि त्यांत एका पंपाचा घटकही होता. परिणाम असा की तो वाण आयसोब्यूटेनॉलला पुरून उरला, पण हेक्झेन आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक यांच्यापुढे पूर्वीपेक्षा दुबळा झाला. एक सोसण्यासाठी त्याने दुसरे सोसण्याची ताकद गमावली होती. सहनशीलता वाढली की उत्पादन वाढेलच असे नाही, हा अनुभवही या क्षेत्रात वारंवार आला आहे. तगून राहणे आणि देत राहणे ही पेशीची दोन निरनिराळी कामे आहेत. कित्येकदा ती तगते ते देणे कमी करूनच.

२०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडला. जिवाणूला आणखी सोसायला लावण्याऐवजी भोवतालचे विषच काढून घेतले तर? एक लिटरच्या किण्वनपात्रातून सतत वायू खेळवून आयसोब्यूटेनॉलची वाफ तयार होता होताच बाहेर नेण्यात आली. ७२ तासांत एकूण उत्पादन लिटरमागे ५० ग्रॅमच्या पुढे गेले. पात्रातल्या द्रवात विषाचे प्रमाण मर्यादेपलीकडे जाऊच दिले गेले नाही. रेषा ओलांडली गेली ती जिवाणूची शक्ती न वाढवता, त्याच्या सभोवतालची परिस्थिती बदलून.

यावरून सारा प्रश्न सुटला असे मुळीच नाही. वायू खेळवायलाही ऊर्जा लागते, वाफ थंड करून द्रव मिळवायलाही लागते, आणि तेल स्वस्त असले की हे सारे गणित कोसळते. आज आपल्याकडे पेट्रोलमध्ये मिसळले जाते ते इथेनॉल, आणि ते जुन्या, भरवशाच्या यीस्टचे काम आहे. जिवाणूंचे ब्यूटेनॉल अजून सामान्य वाहनाच्या टाकीपर्यंत पोचलेले नाही. जनुकांची फेरमांडणी व्यर्थ होती असेही आम्ही म्हणत नाही. ती नसती तर इ. कोलायने आयसोब्यूटेनॉलचा एक थेंबही केला नसता.

साहित्याच्या वर्गात आपण सोशिक पात्रे पुष्कळ शिकवतो, आणि त्यांच्या सोशिकपणाला गुण मानून पुढे जाण्याची सवयही आपल्याला आहे. या शतकभराच्या नोंदी वाचल्यावर आम्हांस त्या पात्रांविषयी दोन साधे प्रश्न विचारावेसे वाटतात. एवढे सोसण्यासाठी त्याने आपल्यातले काय निकामी करून घेतले? आणि विष त्याच्या भोवतीच राहू द्यायचे, हे कोणी ठरवले? प्रयोगशाळेला हा दुसरा प्रश्न नीट विचारायला बराच काळ लागला, कारण पहिल्या महायुद्धापासून प्रत्येकाचे लक्ष पात्रातून काय निघते याकडेच होते. तो विचारला गेला तेव्हा उत्तर म्हणून पात्रात एक नळी सोडावी लागली. पटलातले स्निग्धाम्ल बदलण्याच्या मानाने ते काम कितीतरी सोपे होते.